अडचण: नाही

निवृत्त होताना मी दवाखान्यातून एकच वस्तू मागून घेतली. साडी, शाल, भिंतीवरचं घड्याळ हे सगळं न मागता मिळालं. मागितला तो एक रबरी शिक्का. लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईनं माखलेला, एका कोपऱ्यात झिजलेला. मॅडम म्हणाल्या, "हा कशाला हवाय? टाकून द्यायचा होता ना?" मी म्हटलं, "टाकून दिला तर मी विसरेन." शिक्का आता माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे.

दिवाळी अंकासाठी "दवाखान्यातले दोन-चार गमतीचे किस्से लिहा" असा निरोप आला. किस्से माझ्याकडं गाठोडंभर आहेत. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी एकतीस वर्षं सिस्टर होते. मॅडम एकट्याच डॉक्टर आणि मी त्यांचा उजवा हात, असं मीच म्हणायची आणि त्या हसून मान्य करायच्या. सकाळी ओपीडीत केसपेपर लिहायचे, दुपारी थिएटरमध्ये मॅडमच्या हातात हत्यारं द्यायची. किस्से सांगते, पण सांगता सांगता त्या शिक्क्यापाशी येणार, हे आधीच सांगून ठेवते.

एक किस्सा मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत होते. आमच्याकडं ऑपरेशन थिएटरला 'ओटी' म्हणतात. नवी कुणी नर्स आली आणि तिनं एका म्हातारीला सांगितलं, "आजी, उद्या सकाळी आठला सुनेची ओटी आहे, लवकर या." दुसऱ्या दिवशी आजी नवं लुगडं नेसून, खण, नारळ, तांदूळ आणि पाच फळं घेऊन बरोबर आठला हजर. सूनबाई हिरव्या गाऊनमध्ये स्ट्रेचरवर. आजी मला विचारतात, "बाई, ओटी पडून भरत्यात व्हय तुमच्यात?" आम्ही पोट धरधरून हसलो. मॅडमनी मात्र तो नारळ थिएटरच्या दाराशी ठेवू दिला. शस्त्रक्रिया छान झाली.

दुसरा किस्सा एका नवरोबांचा. मूल होत नाही म्हणून आले होते. मॅडमनी दोघांच्याही तपासण्या लिहिल्या तर हे गृहस्थ कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "माझी कशाला? आमच्या घराण्यात कुणाला असलं न्हाय." मी म्हटलं, "तुमच्या घराण्यात कुणी तपासलं होतं का?" त्यावर ते गुपचूप नमुन्याची डबी घेऊन गेले. दोष त्यांच्यातच निघाला. औषधानं सुधारला आणि आता त्यांना दोन मुली आहेत. आजही पेठेत भेटले की ते नमस्कार करतात, पण डोळ्यांत बघत नाहीत.

माझा स्वभाव असा. लोक शब्द कसे चुकीचे समजतात, यावर हसायची मला सवय होती. शब्द आपले बरोबर, समजण्यात चूक त्यांची, अशी माझी समजूत होती.

आता केसपेपरचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला त्यात काय मोठंसं असं वाटतं. स्त्रीरोगाच्या दवाखान्यात निम्मं निदान हातानं होत नाही, कानानं होतं. पाळी कधी आली, किती दिवस जाते, किती जाते, लग्नाला किती वर्षं, दिवस गेले होते का, पडले का. हे विचारायचं आणि लिहायचं काम माझं. मॅडमसमोर दिवसाला साठ-सत्तर बायका यायच्या. त्यांनी पेपरवर नजर टाकायची आणि पुढचं विचारायचं. म्हणजे माझं अक्षर हे त्यांचे डोळे. अक्षर माझं सुंदर आहे, हेही सांगून टाकते.

त्याच अभिमानापोटी मी तो शिक्का बनवून घेतला. दरवेळी तेच ते लिहिण्यात वेळ जायचा. मी नवी पेठेतल्या एका शिक्केवाल्याकडं जाऊन स्वतः मजकूर सांगितला. वय. लग्नास वर्षे. मुले. पाळी. अडचण. प्रत्येकापुढं टिंबटिंब. शिक्का मारायचा, टिंबांवर लिहायचं, पुढची बाई. मॅडम खूश झाल्या. दुसऱ्या एका दवाखान्यानं तसाच शिक्का करून घेतला तेव्हा तर मी आठवडाभर ताठ मानेनं चालत होते.

सुनंदा पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. वय बावीस. कुंभारीच्या कामगार वसाहतीत सासू-सासऱ्यांबरोबर राहायची. नवरा दत्ता टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला, ही घरी बसून विड्या वळायची. सडपातळ, सावळी, तंबाखूनं बोटांची टोकं पिवळी झालेली. सासू शेजारी बसलेली. मी शिक्का मारला.

"पाळी येते वेळेवर?"

"व्हय. अठ्ठावीसला अठ्ठावीस."

"काही अडचण?"

तिनं सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं. "न्हाय."

मी लिहिलं: पाळी नियमित, अडचण नाही. मॅडमनी तपासलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी करून आणायला सांगितली. सगळं ठीक होतं. दत्ताची तपासणीही चांगली आली. तो मुकाट्यानं करून आला, त्या घराण्यावाल्यासारखा वाद घातला नाही. मॅडमनी बीज तयार व्हायच्या गोळ्या दिल्या. त्या पाळी आल्यावर घरीच सुरू करायच्या आणि नवव्या-दहाव्या दिवशी येऊन दाखवायचं, अशी पद्धत.

असं पुढं सहा वर्षं चाललं. सलग नाही. चार महिने यायची, मग वर्षभर गायब. मध्ये कुणीतरी झाडपाला दिला, कुणीतरी नवस सांगितला. सासूबाई वाईट नव्हत्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, लोक दत्ताचं दुसरं करा म्हणत्यात. मला न्हाय करायचं. पोरगी गुणाची हाय. पण तुमी तेवढं काय ते बगा." सुनंदानं ते दारातून ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं. त्या दिवसापासून ती पाळी चुकायची वाट बघत नव्हती, ती तारखेला घाबरत होती.

प्रत्येक वेळी नवा पेपर, नवा शिक्का. "काही अडचण?" "न्हाय." कधीकधी तर मी न विचारताच लिहिलं.

शेवटी तीन वर्षांपूर्वी पुन्हा आली, तेव्हा चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. मॅडमनी हात लावताच ती कळवळली. नवी सोनोग्राफी झाली. दोन्ही अंडाशयांत मोठ्या गाठी. मॅडमनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरवली.

थिएटरमध्ये मी नेहमीप्रमाणं मॅडमच्या समोर. बेंबीतून दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर चित्र आलं. एकतीस वर्षांत मी किती पोटं आतून बघितली असतील, त्याचा हिशोब नाही. निरोगी पोट आतून गुलाबी, चकचकीत असतं. गर्भपिशवी मध्ये, दोन्ही बाजूंना नळ्या आणि पांढरी अंडाशयं, सगळं सुटं, हलतं. त्या दिवशी पडद्यावर मला काहीच ओळखू येईना. पिशवीच्या मागं आतडं चिकटलेलं, दोन्ही अंडाशयं ओढली जाऊन पिशवीच्या पाठीमागं एकमेकींना चिकटलेली, नळ्या पिळवटलेल्या. जागोजागी काळे-निळे डाग. मला वाटलं दुर्बीण चुकीच्या ठिकाणी गेली. मॅडमचा हात थांबला होता. त्यांनी गाठीला जरासा छेद दिला आणि आतून दाट, तपकिरी, वितळलेल्या चॉकलेटसारखा द्रव वाहायला लागला. डॉक्टर लोक त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. इतकं गोड नाव कुणी दिलं देव जाणे.

हा आजार काय आहे, ते मॅडमनी मला शिकवलं तसं सांगते. गर्भपिशवीच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाडावतं आणि पाळीत गळून बाहेर पडतं. काही बायकांच्या पोटात तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं. अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यावर. पाळी आली की तेही रक्त गाळतं. पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. ते तिथंच साचतं, सुजतं, वाळतं आणि आतले अवयव एकमेकांना चिकटवून टाकतं. त्याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. सुरुवातीला सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. कुणाला मरणाचं दुखतं, कुणाला आजार मोठा असूनही कमी दुखतं. पण बहुतेक वेळा पहिली खूण एकच असते. पाळीतलं दुखणं.

आणि मूल का राहत नाही, तेही साधं आहे. अंडाशयातून बीज सुटतं, ते नळीनं उचलायचं असतं. नळीच पिळवटलेली, अंडाशयच मागं चिकटून बसलेलं, तर उचलणार कोण? शिवाय गाठी अंडाशयातली बीजं खाऊन टाकतात. गाठ काढायची तर तिची भिंत सोलावी लागते, आणि सोलताना तिच्याबरोबर चांगली बीजंही जातात. म्हणून मॅडम त्या दिवशी भाजीचं देठ खुडावं इतक्या जपून काम करत होत्या. तीन तास गेले. काही चिकटलेलं सुटलं, काही सोडून द्यावं लागलं.

मास्कच्या वरून मॅडम माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सिस्टर, हिला दर महिन्याला भयंकर दुखत असणार. कधी बोलली नाही?"

"नाही मॅडम," मी ठामपणं म्हणाले. "दरवेळी विचारलंय. पेपरवर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं सलाईन काढायला गेले. खरं सांगायचं तर माझ्या मनात राग होता. इतकं सोसायचं आणि सांगायचं नाही, ही कसली अक्कल, असा. मी तिच्या उशाशी स्टूल ओढलं.

"सुनंदा, पाळीत दुखायचं का गं तुला?"

"लई दुखायचं, सिस्टर." ती इतक्या सहज म्हणाली की मी चमकले. "पयल्या दोन दिवशी उटायलाच यायचं न्हाय. पोटाला ताट तापवून बांधायची. संडासला बसलं की डोळ्यापुढं अंधारी. सूप मांडीवर घेऊन बसता यायचं न्हाय, माझ्या विड्या जाऊ वळायची."

"कधीपासून?"

"शाळंपासनं. आटवीत अडचण आली, तवापासनं."

"मग मला का नाही सांगितलंस? सहा वर्षं मी विचारतेय, काही अडचण आहे का म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला मी काय बोलतेय ते कळत नव्हतं, आणि मला ती का बघतेय ते कळत नव्हतं.

"तुमी इचारायचा की," ती म्हणाली. "अडचण हाय का. मी न्हाय म्हणायची. अडचण असताना मी दवाखान्यात कशी येईन? चार दिवस बाजूला असते, पाचव्या दिवशी डोक्यावरनं न्हाऊन मग घराबाहेर पडते. मला वाटायचं, तपासायच्या आदी तुमी इटाळाचं इचारताय."

हातातला कापसाचा बोळा तसाच राहिला. अडचण. गावाकडं बाई पाळीला अडचण म्हणते. अडचण आली, अडचण आहे, म्हणून देवाला शिवत नाही. मी सोलापुरातच जन्मले, हा शब्द माझ्या कानाला नवा नव्हता. पण आमच्या घरात तो नव्हता. माझे वडील गिरणीत कामाला. धम्म स्वीकारल्यावर त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, "शिवाशिव आपण लोकांची सोसली, आता घरातल्या बायकांना कोण बाजूला बसवेल ते बघतो." माझी आई कधी बाजूला बसली नाही, मी नाही. चाल गेली, तिच्याबरोबर शब्दही गेला. पुढं नर्सिंगला शिकवलं की रुग्णाशी शुद्ध बोला. 'काही अडचण?' हे मी तिथूनच उचललं. मला ते सभ्य वाटायचं.

"आन दुखतंय म्हणून मी आपणहून का सांगू?" सुनंदा पुढं म्हणाली. "आई म्हणायची, लगीन झालं की थांबतंय. सासूबाई म्हणल्या, मलाबी दुखायचं, लेकरू झालं की जातंय. म्हणून मी तुमच्याकडं दुखण्याचं औशद मागितलं न्हाय. लेकरू मागितलं. दुखण्यापायी लेकरू होत न्हाय, हे मला कुणी सांगितलंच न्हाय की."

मला तिथं बसवेना. सलाईन काढलं, पट्टी लावली आणि खाली आले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो असा बसला, आणि तोही माझ्याच शब्दाचा.

त्या दुपारी मी जेवले नाही. जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यांतून सुनंदाचे पेपर शोधून काढले. सतरा निघाले. सतराही पेपरांवर माझा जांभळा शिक्का, आणि शेवटच्या टिंबांवर माझ्या सुंदर अक्षरात एकच शब्द. मग बाकीचे गठ्ठे उघडले. अडचण: नाही. अडचण: नाही. अडचण: नाही. माढ्याची बाई, कुंभारीची बाई, अक्कलकोट रस्त्याची बाई. यातल्या किती जणींना दुखत असेल, ते मला आता कसं कळणार?

मी गठ्ठा उचलून मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं, आणि गेली असती तर मी काही बोलले नसते. मॅडमनी सतराही पेपर एकेक करून बघितले. बघून झाल्यावर चष्मा काढला.

"सिस्टर, तुम्ही एकट्यानं अंगावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "खाली सही माझी आहे. मी पण कधी तोंडानं विचारलं नाही. सासू शेजारी बसलेली असायची. संबंधाच्या वेळी दुखतं का, हे तर मी अजूनही निम्म्या बायकांना विचारत नाही. वाचत गेले. तुमचं अक्षर फार छान आहे हो, शंका घ्यावीशी वाटत नाही."

ते कौतुक मला थपडेसारखं लागलं.

त्याच आठवड्यात नवा शिक्का आला. शब्द मी ठरवले नाहीत, सुनंदाला विचारून ठरवले. ती टाके काढायला आली होती, तिला म्हटलं, तूच सांग कसं विचारायचं. ती म्हणाली, "सरळ इचारा की. अडचण आली की पोट दुखतंय का. काम सुटतंय का." तसंच घातलं. आणि सासवांना बाहेर बसवायला लागलो. पहिल्याच महिन्यात टिंबांवर जे उमटायला लागलं ते वाचून मी रोज हादरत होते. 'दोन दिवस आडवी.' 'शाळा बुडते.' 'दुखून उलटी होते, पंधरा वर्षे.' पंधरा वर्षं दुखत असलेली ती बाई माझ्याकडं आधी चार वेळा येऊन गेली होती. सगळ्यांना हा आजार होता असं नाही, कुणाकुणाला होता. पण विचारल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

सुनंदाला मॅडमनी दत्तासमोर बसवून खरं ते सांगितलं. आजार चौथ्या पायरीचा, म्हणजे शेवटच्या. उजव्या अंडाशयात थोडी बीजं शिल्लक, डाव्यात जवळपास नाहीत. आपोआप दिवस जाण्याची शक्यता अगदी कमी, शून्य म्हणता येत नाही. टेस्ट ट्यूबचा मार्ग आहे, पण त्यालाही बीजं लागतात. आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या चालू ठेवल्या तर तोवर मूल राहत नाही, त्यामुळं आधी काय हवं ते ठरवा. दत्ता म्हणाला, "आदी हिचं दुखणं थांबवा." सुनंदा म्हणाली, "न्हाय. आदी लेकरू." तिनं नवऱ्याचा शब्द मोडलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मोठ्या केंद्रात दोनदा प्रयत्न झाला. पहिल्या वेळी तीन बीजं निघाली, एक गर्भ तयार झाला, तो टिकला नाही. दुसऱ्या वेळी एकच निघालं, आणि त्याचा गर्भ झालाच नाही. अक्कलकोट रस्त्यावरची एक बाई जवळपास अशाच अवस्थेत होती, तिला शस्त्रक्रियेनंतर वर्षाच्या आत आपोआप दिवस गेले आणि मुलगा झाला. मॅडम म्हणतात, हे गणित नाही, दोन आणि दोन चार होत नाहीत. मला ते पटतं, पण सुनंदासमोर ते वाक्य म्हणायचा धीर मला कधी झाला नाही.

दुसऱ्यांदा अपयश आलं त्यानंतर ती माझ्या टेबलापाशी येऊन बसली. पेपर काढला नव्हता. दत्ता बाहेर गाडीपाशी उभा होता. त्यानं दुसरं लग्न केलं नाही, हे इथं सांगते, कारण लोक पहिलं तेच विचारतात.

"सिस्टर, एक इचारू? पयल्याच दिवशी कळलं असतं तर झालं असतं का मला?"

मी एकतीस वर्षं बायकांना धीर द्यायचं काम केलं. होईल गं, देव आहे, असं कितीदा म्हणाले असेन. त्या दिवशी खोटं जिभेवर आलं नाही.

"शक्यता जास्त होती," मी म्हणाले. "नक्की नाही सांगता येत. पण जास्त होती."

तिनं मान हलवली. मी तिचे हात हातात घेतले, तंबाखूचा वास आला, आणि मीच रडायला लागले. धीर तिनं मला दिला. "ऱ्हाऊ द्या, सिस्टर. तुमी इचारलं तरी. बाकी कुणी त्येवडंबी इचारलं न्हाय." एवढ्यावर तिनं मला सोडलं. मी मला सोडलेलं नाही. तिची ओटी रिकामी राहिली आणि सतरा पेपर माझ्या अक्षरात आहेत. ओटीच्या त्या आजीचा किस्सा मी त्यानंतर कुणाला हसत सांगितला नाही. तो इथं लिहिला तो पहिल्यांदाच.

त्यानंतर सुनंदा दुखणं थांबवायच्या गोळ्यांवर होती, औषधापुरती यायची. माझ्या निवृत्तीला दोनेक महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. सोमवारची गर्दी. सुनंदा दारातून आत आली, नंबर न लावता, तिच्या स्वभावाच्या उलट. तिच्या हाताला धरून चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी, शाळेच्या गणवेशात, पोटाशी दप्तर दाबून वाकलेली. चेहरा पांढराफटक. मागून एक बाई चिडलेली, पदर सावरत, कुणाला शिवू नये अशी अंग चोरून चालत होती.

"सिस्टर, ही माझ्या नणंदेची पोरगी. माढ्यासनं आणली," सुनंदा म्हणाली. "हिला अडचण हाय. दुसरा दिस हाय."

मागची नणंद पुटपुटली, "म्हणत हुते, पाच दिस थांब, न्हाऊन मग न्हे. एसटीत सगळ्यांना इटाळ करत आणलं."

सुनंदानं वळून बघितलंही नाही. मुलीला तिनं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं, तिच्या पोटावरचं दप्तर काढून स्वतःकडं घेतलं आणि माझ्या नव्या शिक्क्याकडं बोट केलं.

"मारा शिक्का," ती म्हणाली. "पाच दिसांनी आणली असती, तर दुखणं सरलं असतं, आन हीबी न्हाय म्हणली असती."